कौसाबाईच्या ताटावरची एक बोट जागा

त्या मालिकेच्या लेखकानं सुदामला फसवलं. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचा गोंधळ नको. सुदाम ऊसतोडीला जाणारा गडी, मी तेलगावातला भांड्यांचा दुकानदार, आणि लेखक मुंबईत कुठंतरी पंख्याखाली बसलेला. अक्षय तृतीयेपासून दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी त्यानं आम्हाला टीव्हीसमोर बसवलं आणि शेवटची गोष्ट सांगायच्या आधी उठून गेला. बाजारात असं कुणी माझ्याशी केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. मालाचा भाव ठरवायचा, गिऱ्हाइकाला झुलवायचं आणि माल द्यायच्या वेळी दुकानाला कुलूप, हा कुठला धंदा?

मालिकेचं नाव मी लिहिणार नाही. फुकटची जाहिरात मी आजवर कुणाची केलेली नाही.

हे सगळं आत्ता वर आलं त्याचं कारण समोरचा रस्ता. दसरा झाला की आमच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर सुरू होतात. ट्रॉलीत बाजली, कोयत्यांची मोळी, पिठाचे डबे, पिंजऱ्यात कोंबड्या, सगळ्याच्या वर बसलेली माणसं. डिझेलच्या धुरात बाजरीच्या भाकरीचा वास मिसळलेला असतो. माझ्या दुकानासमोरच्या गतिरोधकावर प्रत्येक ट्रॉली एकदा आदळते आणि आतली सगळी भांडी एकदम बोलतात. त्यातली निम्मी माझ्याकडून गेलेली. आवाजावरून मला जाड पत्रा आणि पातळ पत्रा कळतो.

त्यातच मुलगी पुण्याहून दिवाळीला आलेली. ती मोबाईलवर कुठली तरी परदेशी मालिका बघत होती. मी विचारलं, "काय चाललंय?"

"आप्पा, यातली माणसं मेलेली आहेत की जिवंत, हेच कुणाला कळत नाही. जगभरातले लोक आपापले तर्क लिहितात. याला थिअरी म्हणतात."

मी म्हणालो, "आमच्याकडं चार होत्या."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

मालिका लागली त्या सालची हवा वेगळी होती. नाक्यावर पिवळ्या फोनची टपरी नुकतीच उभी राहिली होती. कधी न ऐकलेल्या साबणाच्या जाहिराती आमच्या बायका पाठ म्हणत होत्या. मी डोक्यावर पाटी घेऊन दिंद्रुड, घाटनांदूरचे बाजार करत करत वर आलेला माणूस. जुन्या पितळेची मोड घ्यायची, नवं स्टील द्यायचं, आणि मधल्या घासाघिशीत घसा फोडायचा. त्यातून दुकान झालं, आणि त्याच साली दुकानात काळा-पांढरा टीव्ही आला. तो आणतानाही मी दुकानदाराला इतकं पिळलं की शेवटी त्यानं अँटेना वरून फुकट दिली आणि हात जोडून म्हणाला, "मालक, पुन्हा येऊ नका."

टीव्ही मी हंड्यांच्या फळीवर ठेवला. त्यामुळं एक मजा व्हायची. पडद्यावर जे दिसायचं ते समोरच्या रांगेतल्या प्रत्येक पातेल्यात दिसायचं. एक बाई रडली की चाळीस बाया रडायच्या. वर माळवदावर अँटेनाचा दांडा धरून माझी बायको शिवकांता उभी. ती ओरडायची, "आलं का?" खालून आम्ही, "मुंग्या हायत अजून!" मग ती दांडा फिरवायची आणि मुंग्यांतून हळूहळू धुकं वेगळं व्हायचं. कारण मालिकेत होतं ते धुकंच.

घाटात एक बस बंद पडते. सात प्रवासी जवळच्या डाकबंगल्यावर येतात. म्हातारा खानसामा त्यांना जेवायला वाढतो. ताटं मात्र आठ मांडतो. कुणीच जेवत नाही, भरलेली ताटं तशीच परत जातात. बाहेर धुकं हटत नाही, दुसरी गाडी येत नाही. दर भागात एकाची मागची कहाणी कळायची आणि शेवटी तो माणूस पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसायचा. निळ्या साडीची एक बाई होती, ती खिडकीशी बसायची, बोलायचीच नाही. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर साडी निळी कशी कळली म्हणाल, तर खानसामा तिला 'नीली साड़ीवाली बीबी' म्हणायचा. आणि खिडकीत एक कावळा. आत यायचा नाही, उडून जायचा नाही.

रविवारी सकाळी दुकान भरायचं. गिऱ्हाइकं कमी, तर्क करणारे जास्त. आमच्या प्राथमिक शाळेचे गुरुजी बाकावरची कोपऱ्यातली जागा सोडायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, "ही सात माणसं नाहीतच. मरायला टेकलेल्या एकाच माणसाची ती सात वयं आहेत." हे ऐकून सगळे गप्प व्हायचे, कारण कुणाला कळायचं नाही. शिवकांता माळवदावरून उतरून पदरानं घाम पुसत म्हणायची, "कावळा वरडला की पाव्हणा येतो. आठवं ताट त्याचं. तो आला की ह्यांना घेऊन जाईल." आणि मी म्हणायचो, सगळे धडधाकट जिवंत आहेत, खानसामा लबाड आहे, त्याची नजर त्यांच्या बॅगांवर आहे. धंदेवाल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत धंदाच दिसतो.

पण माझ्या बोलण्यामागं दुसरीही गोष्ट होती. आम्ही लिंगायत, आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून मातीत ठेवतात. कपाळावर विभूती, हातात लिंग, अंगावर बेल. जंगम येतात, मंत्र होतात आणि माणूस शिवात मिळाला, विषय संपला. पिंड नाही, कावळा नाही, वाट बघणं नाही. माझा बाप शेताच्या बांधाला असाच बसलेला आहे. तो कुठल्या बंगल्यात अडकलाय, असं माझ्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

सुदाम दाराच्या चौकटीला टेकून उभा असायचा. आत बसायचा नाही. तो आमच्या पलीकडच्या वस्तीवरचा, माझ्याच वयाचा. मागच्या पौषात कारखान्यावर त्याची बायको कौसा तापानं गेली होती. तिथंच नदीकाठी सगळं केलं. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा येईना. सुदामनं मनात येईल ते सगळं बोलून बघितलं. पोराला शिकवीन म्हणाला. पुन्हा उसाला नेणार नाही म्हणाला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एक खाली उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं. मुकादमाची गाडी थांबलेली. शेवटी तिथल्या माणसानं दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि म्हणाला, "झालं. चला." शास्त्राला ते चालतं. सुदामला चाललं नाही.

"आप्पा," एका रविवारी तो म्हणाला, "ताटं परत जात्यात कावून, सांगू का? कावळा शिवला न्हाई म्हणून. ती समदी मेलेली हायती. पर कुणाचं तरी काही ऱ्हायलंय, म्हणून थांबल्यात."

"काय बे सुदाम," मी खेकसलो, "मेलेली माणसं चहा मागतात का?"

"मागत्यात. पीत न्हाईत."

सगळं दुकान हसायचं थांबलं. कारण खरंच, कुणी कप तोंडाला लावलेला आम्ही बघितला नव्हता.

त्यानंतर तो तर्क माझ्या दुकानाबाहेर गेला. पानटपरीवर गेला, पिठाच्या गिरणीत गेला. ज्या माणसानं ही मालिका लिहिली त्याला कावळा बहुधा भिंतीवरच्या शोभेसारखा हवा होता. त्याला काय माहीत, दहाव्याला नदीकाठी घड्याळाकडं बघत बसलेली माणसं ती बघताहेत! आमच्या भागात कावळा खिडकीत बसवला की त्याचा जाब द्यावा लागतो.

श्रावणात एका भागात तो कावळा पहिल्यांदा आत आला. टेबलावर उतरला. निळ्या साडीवालीच्या ताटापुढं एक पाऊल टाकलं, मान तिरकी केली, चोच खाली नेली आणि लाईट गेली.

चाळीस पातेल्यांतले चाळीस कावळे एकदम विझले. मी लाईटवाल्यांच्या सात पिढ्यांना काय काय म्हणालो ते इथं लिहिता येणार नाही. सुदाम काळ्या पडद्याकडं बघत तसाच उभा राहिला. लोक उठून गेले तरी उभा.

दुसऱ्या दिवशी दिंद्रुडचा एक कापूसवाला दुकानात आला. सुदामनं त्याला गाठलं. "तुमच्याकडं लाईट व्हती का काल?"

"व्हती की."

"मग कावळा शिवला का?"

"शिवला! चांगला घास घेऊन उडाला. म्या डोळ्यांनी बघितलं."

सुदामनं त्याला चहा पाजला. त्याला हसताना मी त्या वर्षात तेव्हाच बघितलं. आठ दिवसांनी कळलं, दिंद्रुडलाही त्या वेळी लाईट नव्हती. कापूसवाला पुन्हा आला तेव्हा मी गल्ल्यावरून उठलो आणि त्याला रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. "खोटं बोलून चहा पितो का बे? माणसाच्या काळजाचा सौदा करतो?" शिवकांतानं मला आवरलं. हे शब्द माझेच होते, म्हणून मला अजून पाठ आहेत.

पितरपाठात गावात सगळ्यांच्या माळवदावर कावळ्यांसाठी घास होते. सुदामच्या नव्हता. वर्ष सरल्याशिवाय घालता येत नाही. त्याच दिवसांत तो एक ताट घ्यायला आला. मी भाव सांगितला आणि घासाघीस करायला तयार होऊन बसलो. त्यानं न बोलता पैसे ठेवले. मला राग आला. भाव न करणारं गिऱ्हाईक म्हणजे माझ्या तोंडावर दार लावल्यासारखं.

"नाव घाला," तो म्हणाला. "कौसाबाई सुदाम."

गेलेल्या माणसाच्या नावानं भांडं करायची आमच्याकडं रीत आहे. मी छिन्नी-हातोडी घेतली. तेव्हा मशिन नव्हतं, एकेक ठिपका ठोकून अक्षर उभं करायचं. मी 'कै.' घालायला छिन्नी टेकवली, तसा त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ते नगा. एक बोट जागा सोडा म्होरं."

"अरे, गेली ना ती?"

"गेली. पर पोचली का न्हाई कुठं कळलंय? मालिका संपू द्या. काय निघतंय ते बघू. मग घाला."

मी हसणार होतो. त्याचं तोंड बघून हसलो नाही. एक बोट मोजून जागा सोडली आणि पुढं 'कौसाबाई सुदाम' असं घातलं. ताट माझ्याकडंच ठेवून तो गेला.

दसरा झाला. ट्रॉली भरली. सुदाम दुकानाच्या पायरीशी आला. "आप्पा, म्या चाललो. तुमी बगा. निळ्या लुगड्याची बाई सुटली का न्हाई तेवढं कळवा. कारखान्याच्या पत्त्यावर कार्ड टाका, मुकादम वाचून दावतो."

"कळवतो," मी म्हणालो. "माझा शब्द आहे."

आजवर मी भाव फिरवला असेल. शब्द फिरवला नव्हता.

दिवाळीतला तो भाग मला क्षणाक्षणानं आठवतो. धुकं थोडं विरळ झालं. दूर कुठंतरी गाडीचा हॉर्न. खानसाम्यानं कंदील उचलला. सातही जण उभे राहिले. निळ्या साडीवाली पहिल्यांदा खिडकी सोडून दाराकडं गेली, कडीवर हात ठेवला आणि वळून आमच्याकडं बघितलं. पातेल्यांतून चाळीस बायांनी बघितलं. खाली अक्षरं आली, पुढचा भाग पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी गाण्याच्या भेंड्यांचा कार्यक्रम होता. त्याच्या पुढच्याही रविवारी. कुणी सांगत होतं, साबणवाल्यानं पैसे काढून घेतले. कुणी म्हणालं, आता सगळं केबलवर जाणार. मी अर्ध्या किलोचं वजन उचलून भिरकावलं. ते टीव्हीला लागलं नाही, घागरीला लागलं. पोचा पडलेली ती घागर मी विकली नाही, अजून पाणी भरायला घरात आहे.

मी मालिकावाल्यांना पत्र लिहिलं. एक नाही, चार. गुरुजींकडून शुद्ध हिंदीत लिहून घेतलं. बाकी काही विचारलं नव्हतं. ती बाई बाहेर पडली का, आणि कावळा शिवला का, एवढंच. महिन्याभरानं एक रंगीत कार्ड आलं. छापील मजकूर, प्रिय दर्शक, आपल्या प्रेमाबद्दल आभार. आणि फोटो. त्याच बंगल्याच्या पायऱ्यांवर, लख्ख उन्हात, सातही जण हसत बसलेले. खानसाम्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. निळ्या साडीवाली पँट घालून हातात शीतपेयाची बाटली धरून बसलेली. साडी निळी नव्हतीच बहुतेक. काय माहीत.

ते कार्ड घेऊन मी गल्ल्यावर बसलो. गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हा माझा उभ्या आयुष्याचा नियम. तांब्या नसेल तर मी त्याला लोटा विकतो. मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं, 'सुदाम, मालिका संपली. गाडी आली. कावळा ताटाला शिवला. सगळे गाडीत बसून गेले. काळजी करू नये.' शिवकांतानं वाचलं आणि माळवदावर निघून गेली. टीव्ही बंद होता तरी.

चैत्रात ट्रॉली परतली. सुदाम पायरीवर बसला. काळा पडला होता, गालफडं आत गेलेली. मी छिन्नी काढून ठेवली, ताट पुसून ठेवलं.

"सांगा, आप्पा," तो म्हणाला. "पैल्यापासून सांगा."

मी सांगितलं. धुकं, हॉर्न, कंदील इथपर्यंत खरं. तिथून पुढं माझं. आणि काय सांगू, माझ्या जिभेला त्या दिवशी धार होती. गाडीचे दिवे सांगितले, कावळ्याची झडप सांगितली.

"आन् ती निळ्या लुगड्याची?"

"बसली."

"कुठं बसली?"

"खिडकीजवळ."

"मागं बघितलं का तिनं?"

"नाही. पुढंच बघत होती."

सुदाम मान डोलवत राहिला. मग ताट हातात घेऊन नावावरून बोट फिरवलं. "आप्पा, कारखान्याच्या वाचमनकडं टीव्ही हाय. दर रविवारी गेलतो मी. मालिका संपलीच न्हाई. तुमचं कार्ड आलं तवा मला म्हाईत व्हतं."

माझं डोकं फिरलं. चूक आपली असली की माझा आवाज आधी चढतो. "मग इतका वेळ तोंड शिवलं होतं का बे? माझ्याकडून कशाला वदवून घेतलंस?"

"ऐकावं वाटलं," तो म्हणाला. "लई चांगलं सांगितलंत. पर आप्पा, तुमी बी गवताचा कावळा केला."

 आयुष्यभर मी बोलून पोट भरलं. त्या दिवशी फक्त म्हणालो, "चुकलो, सुदाम." हे मी बापालाही कधी म्हणालो नव्हतो.

त्यानं ताट माझ्यापुढं सरकवलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. खरं कळंल तवा घाला."

संध्याकाळी मी शेतात बापाच्या समाधीजवळ जाऊन बसलो. बेलाची पानं वाळली होती. इतकी वर्षं मी त्या मातीकडं निर्धास्त बघत आलो होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, आपण कधी विचारलंच नाही. विचारायची गरज पडली नाही, म्हणजे उत्तर मिळालं असं थोडंच आहे? शेजारच्या लिंबावर कावळा होता. मी त्याला दगड मारला नाही.

एवढ्या वर्षांनी मुलीला हे सगळं सांगितलं. तिनं मोबाईलवर तासभर शोधलं. ती मालिका कुठं नाही. नाव नाही, फोटो नाही, एक ओळ नाही. "आप्पा, कुणाला आठवत असेल असं वाटत नाही," ती म्हणाली. मी कपाटातून ताट काढून तिच्यापुढं ठेवलं. पत्रा जाड आहे, अजून आरशासारखा. तिनं मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. बरोबर एक बोट.

आज सकाळी सुदामची ट्रॉली गेली. आता त्याचा मुलगा कोयता चालवतो, हा नुसता राखणीला जातो. गतिरोधकावर भांडी वाजली, ट्रॅक्टर जरा मंदावला, आणि वरून बोळकं तोंड दर वर्षीसारखं ओरडलं, "आप्पा, लागला का पत्ता?"

"नाही बे अजून!" मी ओरडलो.

"बरं! चैत्रात इचारतो!"

तर लेखकमहाशय, तुम्ही कुठं असाल तिथं हे ऐका. साबणवाल्याचं काय झालं, मला सांगू नका. पैसे संपले, केबल आली, दिल्लीतून फोन आला, हे सगळं मला कळतं, मीही धंदा केलाय. पण त्या बाईचा हात तुम्ही कडीवर ठेवलात. तो कावळा तुम्ही ताटापर्यंत आणलात. तुमच्या मनात पुढचं काहीतरी असेलच. नसेल तर तेही कबूल करा, आणि ते मला नाही, सुदामच्या तोंडावर सांगा. मी खोटं बोललो, त्याचं उत्तर त्याच्यासमोर उभं राहून दिलं. आता तुमची पाळी आहे. छिन्नी परजलेली आहे, ताट पुसून ठेवलंय, चैत्राला पाच महिने आहेत. तिनं कडी काढली की नाही? बोला.